पाळी गेली, वाफा आल्या आणि कपाटात सात औषधं. यातलं काय ठेवू?

मोगरा_चरई

सोमवारची गोष्ट. तुर्भ्याला उतरायला अजून दोन स्टेशनं होती आणि माझी पाठ ब्लाउजसकट ओली. नोव्हेंबर महिना, सकाळी साडेआठची वेळ, खिडकीतून गार वारा. तरी आधी छातीत धडधडलं, मग मानेपासून कानशिलांपर्यंत कढत वाफ चढली आणि मिनिटभरात घामाच्या धारा. समोरची कॉलेजची पोरगी घाबरली, "काकू, साखळी ओढू का?" म्हणाली. मी हाताने नको नको करत राहिले. कोपरखैरणं येईपर्यंत सगळं ओसरलं आणि मग उलट हुडहुडी भरली.

वय ४९. चरईत राहते, तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत अकाउंट्स बघते. शेवटची पाळी गेल्या वर्षी गणपतीत. त्याआधी वर्षभर नुसता सावळागोंधळ, कधी वीस दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी. वाफा सुरू झाल्या मार्चपासून. रात्रीचं तर विचारूच नका. पंखा पाचवर, खिडक्या सताड उघड्या, मी चादर लाथाडतेय आणि शेजारी नवरा कानटोपी घालून गोधडीत. अडीचला जाग येते ती साडेचारपर्यंत.

हिशेबाची सवय, म्हणून एप्रिलपासून डायरीत मांडून ठेवलंय. एप्रिलमध्ये दिवसाला सरासरी सहा वाफा होत्या, आता अकरा आहेत. औषधांवर महिन्याला साधारण २,३०० रुपये जातात. पैसेही जातायत आणि वाफाही वाढतायत, असा ताळेबंद मी आयुष्यात पहिल्यांदाच बघतेय.

आता कपाटात काय काय आहे ते सांगते, हसू नका. शतावरी कल्प, सकाळी दुधातून दोन चमचे, हा माझा मीच आणला. अशोकारिष्ट शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून. ऑफिसातल्या मैत्रिणीने सुचवलेल्या 'बायकांच्या चाळिशीनंतरच्या' कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन. सांगलीच्या जाऊबाईंनी पाठवलेलं अश्वगंधा चूर्ण, रात्री झोपताना दुधातून चहाचा चमचा भरून. मुलीने मोबाइलवरून मागवलेल्या ताण कमी करणाऱ्या गोळ्या. लघवीला जळजळ व्हायची तेव्हा कुणीतरी दिलेली चंद्रप्रभा वटी, ती अजून चालूच आहे. आणि नणंदेने आणून दिलेली काढ्याची पावडर, बिनलेबलची, प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावलेली. ती कुठल्याशा काकांकडून आणते. चवीला गोड आहे, म्हणून तीच नेमाने घेतली जाते.

शिवाय थायरॉइडची ७५ ची गोळी नऊ वर्षांपासून आहे. बीपी कधी नव्हतं, पण ऑफिसच्या तपासणीत १५०/९४ आलं. दगदगीने असेल.

हॉर्मोनच्या गोळ्यांची भीती वाटते, त्या नकोत. आयुर्वेदावर माझा विश्वास आहे, आजी आयुष्यभर त्यावरच निभावली. फक्त हे सगळं एकत्र घेतलं तर चालतं का, आणि यातलं काय कमी करू, एवढंच सांगा. काकू म्हणतात अशोकारिष्ट अजिबात सोडू नकोस, ते लागू पडतंय, कारण दिवाळीत दोन दिवस थोडे डाग पडले होते, म्हणजे पिशवी साफ होतेय.

कळवा_फास्ट

साखळी ओढू का! अगं मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये यायची वाफ आणि साहेब म्हणायचे, मॅडम रागावल्या वाटतं. रागावलेली मी असायचेच, पण चेहरा लाल व्हायचं कारण वेगळं होतं.

औषधांमधलं मला फार कळत नाही. मी काय केलं ते सांगते. सिंथेटिक साड्या-कुर्ते सगळे बाद. गावाकडे मिळतो तो मऊ पंचा, त्याचे चार तुकडे करून शिवून घेतले, एक कायम पर्समध्ये. रात्रीचं जेवण साडेसातला. तिखट आणि चहा दोन्हीवर गदा आणली. चहा सोडताना आठ दिवस डोकं दुखलं, पण संध्याकाळच्या वाफा खरंच कमी झाल्या. माठात वाळ्याची जुडी टाकते, त्या पाण्याने वाफ जाते की नाही देव जाणे, पण वास घेतला तरी बरं वाटतं. आणि पंख्यावरून नवऱ्याशी भांडू नकोस, दोन चादरी वेगळ्या कर. आमचं लग्न त्यानेच वाचलं.

निवृत्त_सिस्टर_वाशी

मोगरा, मी ३१ वर्षं प्रसूती आणि स्त्रीरोग वॉर्डात काढली आहेत. तुझी सात औषधं आपण नंतर बघू. तू सगळ्यात शेवटी, जाता जाता जे लिहिलंस ते मला सगळ्यात आधी दिसलं.

गेल्या वर्षी गणपतीत पाळी गेली. या दिवाळीत डाग पडले. मध्ये वर्षाहून जास्त दिवस गेले. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं आम्ही धरतो, आणि त्यानंतर पडलेला एक डागसुद्धा तपासून घ्यायचा असतो. थोडा असो, दोन दिवसांचा असो, गुलाबी असो की तपकिरी. 'पिशवी साफ होतेय' हे वाक्य मी वॉर्डात इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचा रागही येत नाही, फक्त धास्ती वाटते. पिशवी अशी साफ होत नसते.

घाबरवत नाहीये. अशा दहा बायकांपैकी नऊ जणींचं कारण साधं निघतं. आतलं अस्तर पातळ होऊन कोरडं पडलेलं असतं, नाहीतर छोटा मस्सा म्हणजे पॉलिप असतो. पण दहावीला कॅन्सर असू शकतो, आणि पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असा डाग पडून लवकर कळला तर बरा होतो. तो लवकर कळावा म्हणूनच हा नियम आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, खालून करायची सोनोग्राफी करून घे. त्यात अस्तराची जाडी मोजतात. ४ मिमीच्या वर असली तर आतला तुकडा काढून तपासायला पाठवतात. याच आठवड्यात जा. गुरुवारी मला इथे "गेले होते" एवढं लिहिलेलं दिसलं पाहिजे.

आणि जाताना अशोकारिष्ट घेतेस हे डॉक्टरांना सांग. लपवू नकोस. बायका लपवतात, ओरडतील म्हणून.

घणसोली_से७

माफ करा, पण स्पष्ट बोलतो. हे सगळं चूर्ण-काढे प्रकरण कचऱ्याच्या डब्यात टाका आणि एमडी डॉक्टरकडे जा. बायकोच्या वेळी आम्ही दोन वर्षं फुकट घालवली.

वैद्य_कोपरखैरणे

घणसोलीकर, तुमची दोन वर्षं वाया गेली याचं मला खरंच वाईट वाटतं. पण मोगराताईंच्या कपाटात जे चाललंय त्याला आयुर्वेद म्हणता येत नाही, त्यामुळे त्याचा दोषही आयुर्वेदाच्या माथी मारता येणार नाही. आयुर्वेदात आधी माणूस बघायचा, मग औषध. इथे सात जणांनी सात औषधं दिली आणि त्या सातांपैकी एकानेही, नाडी राहू दे, "ताई, दुसरी कुठली गोळी चालू आहे का" एवढंसुद्धा विचारलं नाही.

सिस्टरांच्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. रक्तस्राव होतोय हे कळल्यावर मी स्वतः सोनोग्राफी हातात आल्याशिवाय पुडी बांधत नाही.

आता औषधांकडे येते. सुश्रुतसंहितेत रज, म्हणजे पाळी, बाराव्या वर्षी सुरू होतं आणि पन्नाशीला क्षय पावतं असं सरळ लिहिलंय. म्हणजे हा रोग म्हणून सांगितलेलाच नाही, वयाची अवस्था म्हणून सांगितलाय. त्यामुळे 'रजोनिवृत्तीचं औषध' अशी एक बाटली सगळ्यांना लागू पडेल ही कल्पनाच बाजाराची आहे. एकीला वाताचा त्रास, झोप उडालेली, सांधे कुरकुरतायत. दुसरीला पित्ताचा, आग, घाम, चिडचिड. दोघींचं औषध वेगळं. तुमचं वर्णन मला सरळ पित्ताकडे झुकलेलं दिसतंय, आणि तुम्ही घेताय अश्वगंधा, जी उष्ण वीर्याची, म्हणजे अंगात उष्णता वाढवणारी आहे. आगीत तेल म्हणतात ते हेच.

पण त्याहून मोठी गोष्ट थायरॉइडची. अश्वगंधा थायरॉइडची पातळी वाढवू शकते, हे आता आमच्याकडेही सगळे मानतात. जिला थायरॉइडची गोळी चालू आहे तिने ती वर घेतली तर गोळी जास्त झाल्यासारखं होतं. मग काय होतं? छातीत धडधडतं, घाम येतो, झोप लागत नाही, उकडतं. ओळखीचं वाटतंय का?

बीपीला दगदगीचं नाव देऊ नका. त्या गोड पावडरीत ज्येष्ठमध असण्याची मला दाट शंका आहे. ज्येष्ठमध घशाला चार दिवस घेतलं तर उत्तम, पण महिनोन्‌महिने रोज घेतलं तर शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. नणंदेला विचारा.

अजून एक काम करा. सगळ्या डब्या-बाटल्या टेबलावर मांडा आणि मागचं बारीक अक्षरातलं लेबल वाचून इथे लिहा. नुसतं नाव नको, आत काय आहे ते.

टिकूजीनीवाडी_रोड

अवांतर आहे, पण अशोकाचा विषय निघालाय म्हणून सांगतो. मी बागकाम करतो. सोसायट्यांच्या कुंपणाला जो उंच, खाली झुकलेल्या पानांचा 'अशोक' लावतात तो खरा अशोक नव्हेच, तो आसोपालव. औषधातला अशोक म्हणजे सीतेचा अशोक, आटोपशीर झाड, केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. खऱ्याची साल महाग आणि झाडं कमी, म्हणून बाजारात आसोपालवाची साल त्यात मिसळून विकतात. आमच्या शेजारच्या बाईंनी एकदा सोसायटीच्या झाडाची साल काढून उकळायला घेतली होती. वॉचमनने पकडलं म्हणून वाचल्या.

मोगरा_चरई

सिस्टर, गेले होते. खरंच गेले, गुरुवारच्या आधी. सोनोग्राफीत अस्तर ९ मिमी आलंय आणि आत काहीतरी वाढ दिसतेय, बहुतेक पॉलिप, असं मॅडम म्हणाल्या. दुर्बिणीतून बघून काढायचं आणि तपासायला पाठवायचं ठरलंय. तारीख मिळालीय. घरी फक्त नवऱ्याला सांगितलंय. त्याने ऐकून घेतलं आणि उठून रात्री दहा वाजता भांडी घासायला लागला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

आता लेबलांचं. काल रात्री अडीचला जागच आली होती, म्हणून उठून डायनिंग टेबलावर सगळं मांडलं. चष्मा लावून वाचता येईना, शेवटी मोबाइलने फोटो काढून मोठे करून वाचले. आम्ही महिनाअखेरीला बँकेचं स्टेटमेंट आणि वह्या ताडून बघतो, तशी एक-एक ओळ घेतली.

गंमत बघा. कॅप्सूलच्या लेबलवर अश्वगंधा हा शब्दच नाही. तिथे लिहिलंय 'विथानिया सोम्निफेरा', १५० मिलिग्रॅम. मला वाटलं काहीतरी परदेशी झाडपाला असेल. मुलीच्या गोळ्यांवरही तेच नाव, ३०० मिलिग्रॅम. मग जाऊबाईंच्या चूर्णाचा डबा उचलला, त्यावर पुढे मराठीत मोठ्या अक्षरात अश्वगंधा आणि मागे बारीक अक्षरात पुन्हा 'विथानिया सोम्निफेरा'. मी तिथेच खुर्चीत बसले. दिवसाला चार कॅप्सूल, दोन गोळ्या आणि वर चमचाभर चूर्ण. एकच नोंद तीन वह्यांत झालेली, आणि मी सात महिने सात वेगळी औषधं समजून घेतेय.

कॅप्सूलमध्ये अजून एक नाव होतं, 'ग्लिसिरायझा ग्लॅब्रा'. ते ज्येष्ठमध निघालं. सकाळी नणंदेला फोन लावला. तिने त्या काकांना विचारलं. काका म्हणाले, "ज्येष्ठमध, दालचिनी, आणि बाकी आमचं गुपित आहे."

निवृत्त_सिस्टर_वाशी

गुपित आजच्या आज बेसिनमध्ये. ज्या पिशवीवर बनवणाऱ्याचं नाव, लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि एक्सपायरी नाही ते पोटात जाता कामा नये. मग ते आयुर्वेदिक असो की आणखी काही. असल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत, पेशंटचं तोंड सुजून आलं की कळायचं.

नवऱ्याला भांडी घासू दे. अडवू नकोस.

वैद्य_कोपरखैरणे

ताई, लेबल इतकं नीट वाचणारी पेशंट मला वर्षात एखादी भेटते.

अश्वगंधा तिन्ही ठिकाणची बंद करा. थायरॉइडची गोळी मात्र स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका, ज्यांनी दिली त्यांच्याकडे जाऊन टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करा आणि हे लेबलांचे फोटो त्यांना दाखवा. रक्त द्यायला गेलातच तर लिव्हरच्या तपासण्याही त्यातच करून घ्या, अश्वगंधेने क्वचित कुणाच्या लिव्हरला त्रास झालेला आहे. ज्येष्ठमध बंद. चंद्रप्रभेत लोहभस्म असतं आणि लोह थायरॉइडची गोळी नीट शोषू देत नाही, तेव्हा लघवीची तक्रार आता नसेल तर तीही थांबवा. अशोकारिष्ट ऑपरेशन होईपर्यंत नकोच. तसंही आसव-अरिष्टांमध्ये गूळ असतो आणि आंबवताना तयार झालेलं अल्कोहोल असतं, लेबलवर पाच ते दहा टक्के लिहिलेलं असतं. शुगरवाल्या बायका ते टॉनिक म्हणून महिनोन्‌महिने पितात आणि शुगर का वाढते म्हणून विचारायला येतात.

राहिली शतावरी. ती थंड आहे, तुमच्या प्रकृतीला चालण्यासारखी आहे. पण तिच्यातली काही द्रव्यं स्त्री-हॉर्मोनसारखं थोडं काम करतात असं मानलं जातं. पिशवीत वाढ आहे, तिचा रिपोर्ट यायचाय, अशा वेळी मी ती देणार नाही. ज्यांना ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय त्यांनीही शतावरी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तोपर्यंत रात्रीसाठी एक सांगते, याला रिपोर्ट लागत नाही. काशाची वाटी घरात असेल. तळपायाला गाईचं तूप लावून वाटीने घासायचं, एकेका पायाला दहा मिनिटं, तूप काळं पडेपर्यंत. काळं पडतं ती धातूची करामत आहे, अंगातली उष्णता बाहेर येते वगैरे लोक म्हणतात त्याला भुलू नका. पण पाय चोळले की झोप लागते, हे मी रोज बघते.

कळवा_फास्ट

काशाची वाटी नवऱ्याच्या हातात द्या. भांडी घासून हात तयार झालाय त्याचा.

ऐरोली_मावशी

मला मधेच विचारायचंय. माझं वय ५२, पाळी जाऊन तीन वर्षं झाली, अजून वाफा येतात. हे थांबतं तरी कधी? आणि हॉर्मोनच्या गोळीने कॅन्सर होतो हे खरं का?

निवृत्त_सिस्टर_वाशी

मावशी, वाफांची मुदत बाईगणिक वेगळी. अमेरिकेत बायकांना वर्षानुवर्षं तपासत राहून जो अभ्यास झाला त्यात सरासरी सात वर्षं निघाली, म्हणजे कुणाला दोन, कुणाला दहा. आपल्याकडे पाळीही त्यांच्यापेक्षा लवकर जाते, सेहेचाळीस-सत्तेचाळिशीला.

हॉर्मोनची भीती २००२ सालची आहे. तेव्हा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मधेच थांबवला, दोन हॉर्मोनं एकत्र घेणाऱ्या बायकांत ब्रेस्ट कॅन्सर थोडा जास्त दिसला म्हणून. बातमी जगभर पसरली आणि बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. पण त्यातल्या बऱ्याच बायका साठीच्या पुढच्या होत्या. नंतर आकडे वयाप्रमाणे वेगळे करून बघितले तेव्हा साठीच्या आतल्या, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या बायकांत चित्र बरंच बरं दिसलं. म्हणून आता सरसकट नको असं कुणी म्हणत नाही आणि सरसकट घ्या असंही नाही. ब्रेस्ट कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, लिव्हरचा आजार, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर देत नाहीत. बाकीच्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. त्रास सोसवत नसेल तर ती सगळ्यात जास्त गुण देणारी गोष्ट आहे, हे मी आयुर्वेदाला न दुखावता सांगते.

वैद्य_कोपरखैरणे

दुखावले नाही. मीही दोन पेशंट अशाच पाठवल्या आहेत.

मोगरा_चरई

दोन महिने होऊन गेले, संक्रांत झाली, तेव्हा हिशेब द्यायला आले.

ऑपरेशन डिसेंबरमध्ये झालं. सकाळी गेले, संध्याकाळी घरी. पॉलिपच होता. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले आणि ते आठ दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. साधा निघाला. आणि शेजारच्या काकूंना मी काही बोलले नाही, त्या तीळगूळ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, बघ, अशोकारिष्टानेच बाहेर आलं सगळं. मी वडी खाल्ली.

टीएसएच ०.१२ आलं होतं, म्हणजे फार कमी, गोळी जास्त झाल्यावर येतं तसं. माझ्या थायरॉइडच्या डॉक्टरांनी लेबलांचे फोटो बघितले, गोळी तीच ठेवली, अश्वगंधा बंद करून सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. परवाचं २.१ आहे, म्हणजे ठीक. लिव्हर ठीक. बीपी तीन आठवड्यांतच १३२/८४ वर आलं, गोळी सुरू करावी लागली नाही. नणंद माझ्याशी अजून नीट बोलत नाही, पण तिने गुपचूप स्वतःचं बीपी तपासून घेतलंय असं भाचीकडून कळलं.

डायरीतले आकडे: नोव्हेंबरमध्ये अकरा. या आठवड्यात सरासरी पाच. छातीतली धडधड जवळजवळ गेली. म्हणजे वाफा आहेत, पण निम्म्याहून जास्त मी विकत आणत होते.

कोपरखैरण्याच्या वैद्यबाईंकडे जाऊन आले. त्यांनी पाऊण तास नुसतं विचारलं, काय खाता, कधी झोपता, राग कशाचा येतो. सारिवा (अनंतमूळ) आणि वाळा असलेलं एकच चूर्ण दिलंय, महिन्याचे ३४० रुपये, आणि सांगितलंय की दोन महिन्यांत फरक वाटला नाही तर बंद करू, उगाच चालू ठेवायचं नाही. त्याने किती फरक पडला आणि चहा अर्धा केल्याने किती, ते मला वेगळं काढता येत नाहीये. स्त्रीरोगाच्या मॅडमनी हॉर्मोनचा पर्यायही समजावून सांगितला, कागदावर दोन्ही बाजू लिहून दिल्या. पूर्वी मी ऐकलंही नसतं. तो कागद डायरीत ठेवलाय, उन्हाळा कसा जातो ते बघून ठरवेन. कोरडेपणासाठी त्यांनी लावायचं क्रीम दिलंय. त्याबद्दल इतकंच, की हे आधी कुणीच का सांगत नाही?

काशाची वाटी चालू आहे. नवरा म्हणतो तूप काळं पडलं नाही तर पैसे परत.

एक विचारायचं राहिलं. कळवा_फास्ट, तो पंचा कुठून आणलास? मी जांभळी नाक्याला बघितला, पण तिथे सगळे खळ लावलेले कडक मिळाले.

कळवा_फास्ट

ते खळवालेच घे. मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजव, दोनदा धू, मऊ पडतात. एक मला राखीव ठेव, माझा गेल्या आठवड्यात गाडीत राहिला.